भाव पडला, आता इसाराचं काय?

मोसंबीचा व्यापारी बागेत येतो तेव्हा आधी भाव बोलत नाही. दोन-चार झाडांखाली फिरतो, एखादं फळ तोडतो, नखाने साल टोकरून बघतो, नाक मुरडतो. मग टनाचा आकडा सांगतो आणि खिशातून नोटा काढून शेतकऱ्याच्या हातावर ठेवतो. हा इसार. पुढे भाव चढला तर शेतकरी हळहळतो; पडला तर व्यापाऱ्याला त्याच फळांवर डाग दिसायला लागतात. पण सौदा मोडला तर इसार बुडतो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो सौदा मोडत नाही. बांधावर बसतो, चहा घेतो आणि म्हणतो, "दादा, इसार तुमच्याकडंच राहू द्या, भाव तेवढा आजचा धरा."

क्रूझच्या बोटीचं भाडं बुकिंगनंतर उतरलं, तर आपणही नेमकं हेच म्हणायचं असतं.

आमच्या मोसंबीच्या पाचोडला बोटीचं काय, असं कोणी विचारेल. आमचं मोठं पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर, आणि समुद्र म्हणजे शाळेच्या सहलीत एकदा पाहिलेला. पण मुलं पुण्या-मुंबईला नोकरीला लागली, आणि आई-वडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला साडी-सफारीऐवजी बोटीची तिकिटं येऊ लागली. २०२१ च्या सप्टेंबरात कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' बोट मुंबईहून सुटायला लागली, तेव्हापासून गोवा आणि लक्षद्वीप आवाक्यात आले. बोट तशी नवी नव्हे. १९९० ची बांधणी, आधी रॉयल कॅरिबियनकडे होती. ज्यांचा हात जरा सैल, ते विमानाने सिंगापूरला जाऊन तिथून बोट पकडतात.

आमच्या भाच्याने असंच अक्का आणि भाऊजींसाठी बुकिंग केलं. दोघांचं भाडं १,२०,००० रुपये, त्यातले ३०,००० डिपॉझिट म्हणून भरले. तीन आठवड्यांनी रात्री मोबाइल चाळताना त्याला तीच बोट, तीच तारीख, तशीच बाल्कनीची केबिन ९८,००० ला दिसली. गडी उठून बसला. जुनं बुकिंग रद्द केलं, नवं काढलं आणि २२,००० वाचवल्याच्या आनंदात झोपला. सकाळी मेल आला: डिपॉझिट परत मिळणार नाही. २२,००० वाचवायला ३०,००० घातले. भाऊजींचा उभा जन्म मोसंबीत गेलेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "सौदा मोडायचा कशाला? भाव पाडून मागायचा."

अर्थात बोटीचा भाव मुळात पडतो का, ते कळल्याशिवाय मागायचं कधी हे कळत नाही. मोसंबी झाडावर आठ-पंधरा दिवस थांबते, बोट थांबत नाही. ती धक्क्यावरून सुटली की रिकामी राहिलेली केबिन म्हणजे गळालेलं फळ, तिला मोल नाही. म्हणून कंपन्या किती केबिन भरल्या ते बघत भाडं खालीवर करत राहतात. त्यात एक तारीख महत्त्वाची, फायनल पेमेंटची. डिपॉझिट भरून केबिन धरून ठेवलेल्यांनी उरलेले सगळे पैसे त्या दिवसापर्यंत भरायचे असतात. रॉयल कॅरिबियनच्या चार रात्रींपर्यंतच्या सफरीला ही तारीख ७५ दिवस आधीची, त्याहून लांबच्या सफरीला ९० दिवस आधीची. मुंबईहून दोन-तीन रात्रींच्या फेऱ्यांचे नियम वेगळे असतात, ते पावतीवर बघावेत. या तारखेच्या आसपास कच्चे लोक गळतात, त्यांच्या केबिन पुन्हा विक्रीला येतात आणि भाडं हलतं. आपली मागणी करायची ती या तारखेच्या आत. त्यानंतर पूर्ण पैसे कंपनीच्या खिशात गेलेले असतात. मग फार तर मोठी केबिन किंवा बोटीवर खर्चायला थोडी रक्कम मिळते, तीही त्यांच्या मर्जीने.

डिपॉझिटही दोन जातींचं असतं. एक परत मिळणारं. त्याचं भाडं मुळात जरा जास्त. दुसरं परत न मिळणारं, ते स्वस्त भाड्याला चिकटवलेलं. बहुतेक लोक स्वस्त आकडा बघून दुसरं घेतात आणि खालची बारीक ओळ वाचत नाहीत. मात्र 'परत न मिळणारं' याचा अर्थ 'भाव न बदलणारं' असा नाही. बोट, तारीख आणि केबिनचा वर्ग तोच ठेवला, तर फायनल पेमेंटच्या आधी त्याच बुकिंगवर नवं भाडं लावून देण्याची पद्धत मोठ्या कंपन्यांत आहे. बोट किंवा तारीख बदलली की मात्र दंड. रॉयल कॅरिबियनकडे तो माणशी १०० डॉलर. म्हणून शब्द जपून वापरायचे. 'रद्द करा' म्हटलं की यंत्र रद्द करतं. 'याच बुकिंग नंबरवर आजचं भाडं लावा आणि सुधारित पावती पाठवा' म्हणायचं. केबिनचा वर्ग बदलून हवा असेल, तर जुनं सोडण्याआधी डिपॉझिट नव्याकडे वळतं का ते लेखी घ्यायचं. एजंटकडून काढलं असेल तर कंपनी बहुधा तुमच्याशी बोलणारच नाही. फोन एजंटला करावा लागतो. एजंटला यात कष्ट आहेत आणि कमिशन घटतं, त्यामुळे तो आपणहून भाव उतरल्याचं सांगायला येईल, ही आशा सोडावी.

दुसरी गफलत बेरजेची. उतरलेल्या भाड्यात पूर्वीच्या सवलती असतीलच असं नाही. समजा जुन्या भाड्यात वायफाय आणि पेयांचं पॅकेज धरलेलं होतं आणि त्याची किंमत १५,००० होती. तर २२,००० ची बचत ७,००० वर येते. सिंगापूरचं बुकिंग डॉलरमध्ये असेल तर पैसे जाताना एक दर आणि परत येताना दुसरा दर, वर कार्डाचा परकीय चलनाचा आकार. कागदावर एकदा मांडून बघावं, एवढंच.

आणि डिपॉझिट खरंच बुडवलं तर? आपल्या कायद्याने या प्रश्नावर बराच विचार केलेला आहे, तोही बटाट्यांच्या निमित्ताने. मौला बक्ष नावाच्या कंत्राटदाराने १९४७ मध्ये लष्कराला बटाटे पुरवायचा ठेका घेतला, अंडी-मासळीचा दुसरा घेतला आणि १०,००० व ८,५०० रुपये अनामत भरली. माल वेळेवर पोचला नाही, सरकारने अनामत जप्त केली. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये सांगितलं की खरा इसार, वाजवी असेल तर, बुडू शकतो. पण नुसती अनामत दंड म्हणून गिळायची असेल तर नुकसान किती झालं ते दाखवावं लागेल. १८७२ च्या करार कायद्याच्या ७४ व्या कलमाचा अर्थ न्यायालयाने असा लावला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर एकतर्फी, अवाजवी अटींना 'अनुचित करार' असं नावच दिलंय. त्या कायद्याने आता तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे पाचोडच्या माणसाने मुंबईला खेटे घालायची गरज नाही, छत्रपती संभाजीनगरचा आयोग चालतो. आधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करून बघावा. भाच्याने मात्र काही केलं नाही. 'मान्य आहे' या चौकोनात टिचकी त्यानेच मारली होती, आणि आठ हजारांसाठी तारखा कोण करणार.

स्वस्ताईच्या नादात आणखी एक गोष्ट विसरायला होते. डिपॉझिट म्हणजे बोटवाल्याला दिलेलं बिनव्याजी उसनं. जलेश क्रूझेसची 'कर्णिका' २०१९ च्या एप्रिलमध्ये मोठ्या थाटात मुंबईत आली. कोविड आला, २०२० च्या ऑक्टोबरात कंपनीने गाशा गुंडाळला आणि बोट अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात गेली. दीड वर्षाचा खेळ. तेव्हा वर्षभर आधी मोठी रक्कम अडकवण्यापेक्षा थोडं डिपॉझिट आणि जवळची तारीख मला बरी वाटते, भाडं दोन पैसे जास्त पडलं तरी.

अक्का-भाऊजी जाऊन आले. पुढच्या वर्षी भाच्याने सासू-सासऱ्यांसाठी तिकिटं काढली, भाडं सहा हजारांनी उतरलेलं दिसलं, या वेळी त्याने फक्त एजंटला फोन केला. तासाभरात त्याच नंबरची नवी पावती आली.

ही गोष्ट भाऊजींनी चवीने ऐकून ठेवली असावी. यंदा तोडणीच्या दोन दिवस आधी व्यापारी बांधावर येऊन बसला, चहा प्याला आणि नेहमीचं बोलला, इसार राहू द्या, भाव आजचा धरा. भाऊजींनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "शेठ, फायनल पेमेंटची तारीख होऊन गेली."