वसुलीची नोकरी आणि यूकेचा व्हिसा

परवा कॉलेजच्या मित्राने ऑफर फॉरवर्ड केली. यूकेत कर्जवसुलीचं काम, महिना २,१०० पाऊंड, एजंटला चार लाख. मी कोडर माणूस, आधी हिशोब केला: वर्षाचे २५,२०० पाऊंड. स्किल्ड वर्कर व्हिसाला २२ जुलै २०२५ पासून साधारण ४१,७०० लागतात. त्या कामाचा ठरलेला दर जास्त असेल, तर तो. तिथलं किमान वेतन वेगळं, व्हिसाचा पगार वेगळा. इथेच लोक फसतात.

बरं, पगार वाढवला तर? तरीही नाही. मोजके अपवाद सोडले तर नव्या अर्जाला काम पदवीच्या पातळीचं लागतं. तुमची डिग्री नाही, कामाची पातळी! वसुली त्यात बसत नाही. स्पॉन्सरशिप सर्टिफिकेटची फीसुद्धा कंपनीनेच भरायची असते.

मित्राचे चार लाख वाचले. तुम्हीही आधी बाराने गुणा, मग एजंटला फोन करा.