विश्लेषण : ऋतू बदलला की शिंका, खाल्ले की खाज... घरातील ॲलर्जी ओळखायची कशी?

पाऊस ओसरतो, सोयाबीनची मळणी सुरू होते आणि दिवाळीची साफसफाई तोंडावर येते. नेमक्या याच काळात नागपुरातील अनेक घरांत शिंका, कोरडा खोकला आणि अंगाला खाज सुरू होते. काही जण ‘हवा बदलली’ म्हणून दुर्लक्ष करतात. काही जण थेट रक्ततपासणीचे पॅकेज घेतात आणि अहवालात आलेले दूध, डाळ, गहू असे सगळे मुलाच्या ताटातून काढून टाकतात. पहिल्या प्रकारात दमा वाढेपर्यंत निदान होत नाही, तर दुसऱ्यात मूल विनाकारण कुपोषित राहू शकते. त्रास कधी, कुठे आणि कशानंतर किती वेळाने झाला, याची घरातच ठेवलेली नोंद हा निदानाचा खरा पाया असतो. ती कशी ठेवायची आणि आराम कशाने मिळतो, याचा हा आढावा.

ॲलर्जी म्हणजे नेमके काय?

शरीराची प्रतिकारशक्ती विषाणू-जिवाणूंशी लढण्यासाठी असते. काही जणांमध्ये ती परागकण, धूळ, शेंगदाणे अशा निरुपद्रवी गोष्टींनाही शत्रू समजते. त्यांच्याविरुद्ध ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडे तयार होतात. पुढच्या वेळी तोच पदार्थ शरीरात गेला की हिस्टामाइनसारखी रसायने बाहेर पडतात. त्यातून शिंका, पाणी, खाज, सूज, अंगावर पित्त उठणे ही लक्षणे दिसतात.

आनुवंशिकतेने विशिष्ट ॲलर्जी नव्हे, तर ॲलर्जीची प्रवृत्ती येते. त्यामुळे आईला सकाळच्या शिंका, मोठ्या मुलाला दमा आणि धाकट्या बाळाला इसब असे चित्र एकाच घरात दिसू शकते. आई-वडील दोघांनाही त्रास असेल तर मुलांमधील शक्यता आणखी वाढते.

साधी सर्दी की ॲलर्जी?

विषाणूंमुळे होणारी सर्दी साधारण 7 ते 10 दिवसांत उतरते. तिच्यासोबत ताप, अंगदुखी, घसा दुखणे असू शकते. ॲलर्जीमुळे ताप येत नाही. नाकातून पाण्यासारखा पातळ स्राव येतो, सलग शिंका येतात आणि नाक, डोळे, टाळू खाजतात. त्रास आठवडेच्या आठवडे चालतो किंवा दरवर्षी ठरावीक महिन्यांत परततो.

लहान मुले खाज सांगू शकत नाहीत, पण तळहाताने नाक वर चोळत राहतात. कालांतराने नाकावर आडवी रेघ उमटते. डोळ्यांखाली काळसरपणा, तोंडाने श्वास घेणे, रात्री घोरणे, सकाळी चिडचिड याही खुणा आहेत. रात्री किंवा पहाटे येणारा खोकला, हसल्यावर-धावल्यावर लागणारी ढास आणि छातीतून येणारी शिट्टीसारखी घरघर ही मात्र दम्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या बदलत राहणे योग्य नाही.

नागपूरच्या कोणत्या ऋतूत कशाचा त्रास?

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो आणि दोष त्याच्या माथी जातो. प्रत्यक्षात पळस, गुलमोहर अशा ठसठशीत फुलांचे परागण पक्षी-कीटकांमार्फत होते, त्यांचे पराग हवेत फारसे उडत नाहीत. त्रास होतो तो वाऱ्यावर पराग सोडणाऱ्या, सहसा लक्षातही न येणाऱ्या फुलांचा. वावळ हे त्यातील एक झाड. उत्तर भारतात ते वसंतातील ॲलर्जीचे प्रमुख कारण मानले जाते.

एप्रिल-मेमध्ये नागपूरचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि घरोघरी कूलर सुरू होतात. हवा थंड करताना कूलर खोलीतील ओलावाही वाढवतो. गादी, उशी, सोफ्यात वाढणाऱ्या ‘डस्ट माइट’ या डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांना हाच ओलावा पोसतो. गेल्या वर्षीच्या जुन्या ताट्या आणि टाकीतील साचलेल्या पाण्यात बुरशीही धरते. त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला वाळ्याच्या ताट्या बदलणे, टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासणे आणि कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी ठेवणे आवश्यक आहे. टाकीची स्वच्छता डेंग्यूच्या डासांसाठीही तितकीच महत्त्वाची.

जुलै ते सप्टेंबर हा बुरशीचा काळ. ओल आलेल्या भिंती, न वाळलेले कपडे, बंद कपाटे ही तिची ठिकाणे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात गवते फुलतात आणि त्यांचे पराग ऑक्टोबरपर्यंत त्रास देतात. ऑक्टोबरमध्ये मळणीची धूळ आणि माळे-कपाटे झाडताना उडणारी धूळ एकत्र येते. फटाक्यांचा धूर आणि थंड हवा ही ॲलर्जी नव्हे, पण आधीच सुजलेल्या नाकाला आणि श्वासनलिकेला ती चेतवतात.

धान्याची धूळ किती गंभीर ठरू शकते, याचा दाखला स्पेनमधील बार्सिलोना शहराने दिला. 1981 ते 1987 दरम्यान तेथे ठरावीक दिवशी अचानक अनेक लोक दम्याच्या झटक्याने रुग्णालयात येत. बंदरावर सोयाबीन उतरवताना उडणारी टरफलांची धूळ हे त्याचे कारण निघाले. कोठारांवर धूळ रोखणारे फिल्टर बसवल्यावर ही लाट थांबली. मळणी यंत्रावर किंवा धान्यबाजारात काम करणाऱ्यांनी नाक-तोंड नीट झाकणारा मास्क वापरण्याचे आणि घरी आल्यावर आधी अंघोळ करून कपडे बदलण्याचे महत्त्व त्यातून कळते.

गाजर गवताचे काय?

पहिल्या पावसानंतर रिकाम्या प्लॉटवर आणि रस्त्याकडेला पांढऱ्या फुलांचे गाजर गवत माजते. काँग्रेस गवत या नावानेही ते ओळखले जाते. मूळच्या अमेरिका खंडातील या तणाची भारतातील ठळक नोंद 1950च्या दशकात पुण्यात झाली. त्याच्या परागांमुळे सर्दी-दमा होतोच, शिवाय त्यातील ‘पार्थेनिन’ या रसायनामुळे त्वचेचा चिवट विकार होतो.

हा त्वचारोग लगेच नव्हे, तर संपर्कानंतर एक-दोन दिवसांनी दिसतो. चेहरा, पापण्या, मान, कोपराची आतली बाजू अशा उघड्या भागांवर त्वचा लाल, जाड आणि खाजरी होते. शेतकरी व सफाई कामगारांमध्ये तो अधिक आढळतो. गवत फुलण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालून मुळासकट उपटणे हा उपाय आहे. ज्याला त्रास आहे त्याने हे काम करू नये. उपटलेले गवत जाळू नये.

विदर्भाला परिचित असलेला ‘बिब्बा उतणे’ हा प्रकारही त्वचेच्या संपर्काचाच. आंबा त्याच कुळातील असल्याने त्याच्या चिकाने काही जणांच्या ओठांभोवती पुरळ येते. अशांनी देठाकडचा चीक काढून, आंबा धुऊन, साल न लावता फोडी खाव्यात. संत्र्याच्या रसाने लहान मुलांच्या तोंडाभोवती येणारी लाली मात्र बहुतेक वेळा आंबटपणाने होणारी जळजळ असते. तेवढ्यावरून संत्री बंद करण्याची गरज नाही.

अन्नाची ॲलर्जी कशी ओळखावी?

येथे घड्याळ महत्त्वाचे. खरी अन्न-ॲलर्जी सहसा खाल्ल्यानंतर काही मिनिटांत, फार तर 2 तासांत दिसते. अंगावर पित्त उठणे, ओठ-पापण्या सुजणे, उलट्या, घसा आवळणे ही तिची लक्षणे आहेत. तोच पदार्थ पुन्हा खाल्ला की बहुतेक वेळा पुन्हा त्रास होतो. ‘मागच्या आठवड्यात वांगे खाल्ले म्हणून आज पुरळ आले’ हे सहसा खरे नसते.

दूध, अंडी, शेंगदाणे अर्थात फल्लीदाणे, काजूसारखा सुकामेवा, मासे, कोळंबी, गहू, सोयाबीन ही जगभरातील प्रमुख कारणे. भारतात त्यात हरभऱ्यासारख्या डाळींची भर पडते. चना-पोहा, पाटवडी, भजी अशा बेसनप्रधान ताटात हे लक्षात घ्यायला हवे. काही जणांना वांग्याने तोंडाला खाज येते.

दूध प्यायल्यावर फक्त पोट फुगणे किंवा जुलाब होणे हे बहुधा दुधातील साखर न पचल्यामुळे असते. ती ॲलर्जी नव्हे आणि अशांना दही-ताक अनेकदा चालते. गव्हामुळे होणारा सिलिॲक आजारही वेगळा. त्याच्या तपासणीपूर्वी गहू बंद केल्यास निदान चुकू शकते.

रक्ततपासणीचा अहवाल पुरेसा का नाही?

अहवालात ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे शरीरात प्रतिपिंडे आहेत, एवढेच. पदार्थ खाल्ल्यावर त्रास होईलच असे नाही. कर्नाटकातील प्रौढांच्या 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 26.5 टक्के लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध प्रतिपिंडे आढळली. लक्षणांशी मेळ बसणारी संभाव्य ॲलर्जी मात्र केवळ 1.2 टक्के लोकांना होती. म्हणजे निव्वळ अहवाल पाहून पथ्य सुरू केले, तर बहुतेकांचे अन्न विनाकारण बंद होईल.

‘आयजीजी’ या प्रतिपिंडांवर आधारित अन्नचाचण्यांचा तर ॲलर्जीच्या निदानासाठी उपयोग नाही, असे युरोपातील ॲलर्जी तज्ज्ञांच्या संघटनेने 2008 मध्येच स्पष्ट केले. आधी लक्षणांची नोंद, मग संशयित पदार्थापुरतीच त्वचेची किंवा रक्ताची चाचणी हा योग्य क्रम. शंका उरल्यास रुग्णालयात देखरेखीखाली तो पदार्थ थोडा थोडा खाऊ घालून खात्री केली जाते. हा प्रयोग घरी करू नये.

बाळाला शेंगदाणे, अंडी उशिरा द्यावीत का?

पूर्वी तसा सल्ला दिला जाई. 2015 मध्ये ब्रिटनमधील ‘लीप’ या चाचणीने तो बदलला. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या 640 बाळांपैकी ज्यांना शेंगदाण्यापासून दूर ठेवले, त्यांच्यातील सुमारे 17 टक्के मुलांना पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी होती. ज्यांना लवकर आणि नियमित दिले, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे 3 टक्के होते. त्यामुळे 6 महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू करताना हे पदार्थ मुद्दाम लांबवू नयेत. अख्खा दाणा मात्र देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो. बारीक कूट पातळ करून द्यावे. बाळाला तीव्र इसब असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारावे.

आराम कशाने मिळतो?

चादरी-उशांचे अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यात धुणे, गाद्या कडक उन्हात टाकणे, कोरडा झाडू मारण्याऐवजी ओले पुसणे आणि झुरळांचा बंदोबस्त करणे ही पहिली पायरी. साफसफाईच्या वेळी त्रास असलेल्या व्यक्तीने घराबाहेर राहावे. उकळून थंड केलेल्या पाण्यात तयार केलेल्या मिठाच्या द्रावणाने नाक धुतल्यास पराग निघून जातात.

औषधांत सेटिरिझिन, लोराटाडिन यांसारख्या गोळ्या शिंका-खाज कमी करतात. नाक सतत बंद राहत असेल तर डॉक्टरांनी दिलेला स्टिरॉइडचा नाकाचा स्प्रे अधिक उपयोगी ठरतो. तो रोज मारावा लागतो आणि हंगामाच्या दोन आठवडे आधी सुरू केल्यास चांगला परिणाम दिसतो. ‘इन्हेलरची सवय लागते’ हा गैरसमज आहे. उलट त्यातील औषधाची मात्रा गोळ्यांपेक्षा कितीतरी कमी असते.

नाक मोकळे करणारे थेंब मात्र काही दिवसांपुरतेच वापरावेत, अन्यथा नाक अधिकच बंद होते. माँटेलुकास्ट असलेल्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. मनःस्थिती आणि झोपेवरील दुष्परिणामांमुळे अमेरिकेच्या औषध नियामकाने 2020 मध्ये त्यावर कठोर इशारा छापणे बंधनकारक केले. दुकानातून परस्पर स्टिरॉइडच्या गोळ्या घेणेही धोक्याचे.

पाकिटावर काय वाचावे?

‘एफएसएसएआय’च्या 2020 च्या नियमांनुसार ग्लुटेनयुक्त धान्ये, कोळंबी-खेकडे, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापेक्षा अधिक सल्फाइट यांचा उल्लेख पाकिटावर करावा लागतो. हरभरा आणि तीळ या यादीत नाहीत. त्यामुळे बेसनाची ॲलर्जी असलेल्यांनी घटकांची पूर्ण यादी वाचावी. हातगाडीवर किंवा सावजी भोजनालयात मसाल्याच्या वाटणात काय आहे आणि तळणीचे तेल एकच आहे का, हे विचारूनच खावे.

जिवावर कधी बेतते?

खाल्ल्यानंतर, औषधानंतर किंवा गांधीलमाशी चावल्यानंतर अंगावर पित्त उठण्यासोबत श्वास लागणे, आवाज बसणे, वारंवार उलट्या, चक्कर किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काहीही झाले, तर तो ‘ॲनाफिलॅक्सिस’ असू शकतो. त्यावरचे पहिले औषध मांडीच्या बाहेरच्या बाजूला दिले जाणारे ॲड्रेनालिनचे इंजेक्शन हेच आहे. खाजेची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही.

- 108 वर फोन करावा किंवा जवळच्या रुग्णालयात तातडीने न्यावे.
- रुग्णाला आडवे झोपवून पाय उंच ठेवावेत. श्वास लागत असेल तर टेकून बसवावे. उभे करू नये, चालवू नये.
- बरे वाटले तरी काही तास रुग्णालयातच थांबावे. त्रास पुन्हा उसळू शकतो.

एकदा असा झटका आलेल्या मुलाची माहिती शाळा, नातेवाईक आणि डबा वाटून खाणाऱ्या मित्रांच्या घरीही द्यावी.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यावे?

चार आठवड्यांची नोंद. काय खाल्ले, त्रास किती वाजता सुरू झाला, किती वेळ टिकला, घरात की बाहेर, कूलर सुरू होता का, कोणते औषध घेतले. पुरळाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण तपासणीपर्यंत ते अनेकदा मावळलेले असते. मेडिकल, मेयो किंवा एम्समधील बालरोग, कान-नाक-घसा, श्वसनरोग अथवा त्वचारोग विभागात लक्षणांनुसार दाखवता येते. त्वचेची चाचणी होणार असेल तर खाजेच्या गोळ्या किती दिवस आधी थांबवायच्या, हे विचारून घ्यावे. आणि तोवर, स्पष्ट व तीव्र त्रास देणारा पदार्थ वगळता, मुलाच्या ताटातील काहीही स्वतःहून बंद करू नये.