भिंतीत मुरलेली श्रीमंती

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, ब्लू रिज डोंगरांच्या कुशीत, वेस्ट जेफरसन हे छोटेखानी गाव आहे. तेथे १९०५ साली बांधलेले सेंट मेरीज हे लाकडी चर्च आहे. पंथ एपिस्कोपल, म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चचे अमेरिकेतील भावंड. मंडळी थोडी, उत्पन्न बेताचे. अशा चर्चकडे कोण कशाला वळून पाहणार?

पण १९७० च्या दशकात बेन लाँग नावाचा तरुण चित्रकार इटलीहून परतला. फ्लॉरेन्समध्ये पिएत्रो अनिगोनी यांच्या हाताखाली तो फ्रेस्कोची विद्या शिकला होता. आपल्या राज्यातील एखाद्या चर्चला भित्तिचित्र विनामूल्य काढून द्यावे, अशी त्याची इच्छा. सेंट मेरीजचे धर्मगुरू फॉल्टन हॉज यांच्या कानावर हे गेले. त्यांनी आधी 'हो' म्हटले आणि मग फ्रेस्को म्हणजे काय ते विचारले, असा किस्सा तिकडे अजून सांगतात!

फ्रेस्को म्हणजे ओल्या चुन्यावरचे चित्र. रोज पुरेल एवढाच गिलावा भिंतीवर चढवायचा आणि तो वाळायच्या आत पाण्यात कालवलेले रंग लावून मोकळे व्हायचे. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून चुना दगडासारखा होतो आणि रंग त्यातच कोंडले जातात. चुकले तर तेवढा गिलावा खरवडून पुन्हा सुरुवात! अजिंठ्याच्या चित्रांनाही आपण सर्रास फ्रेस्को म्हणतो. पण तेथील रंग बंधक द्रव्य मिसळून कोरड्या थरावर लावलेले आहेत.

१९७४ ते १९७७ या काळात लाँगने सेंट मेरीजमध्ये तीन चित्रे केली. एक दिवस भरत आलेल्या मेरीचे, दुसरे बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचे आणि तिसरे ख्रिस्ताच्या क्रुसारोहणाचे व पुनरुत्थानाचे. पुढे १९८० मध्ये जवळच्या ग्लेनडेल स्प्रिंग्ज येथील होली ट्रिनिटी या १९०१ सालच्या चर्चमध्ये त्याने 'शेवटचे भोजन' रंगवले. त्यासाठी आसपासची साधी माणसे त्याच्यासमोर बसली. आपल्या शेजाऱ्याचा चेहरा येशूच्या पंगतीत पाहताना त्या लोकांना काय वाटले असेल!

मी बँकेत उमेद घालवली. तारण ठेवलेली वस्तू वेळ आली तर विकून किती पैसा उभा राहील, एवढाच तेथे सवाल. त्या सवयीने मी या चित्रांकडे पाहतो आणि अडखळतो. मंडळी घटली, चर्च बंद पडले, की रंगीत काचा आणि ऑर्गन विकून टाकल्याच्या कहाण्या अनेक देशांतून ऐकू येतात. कॅनव्हासवरचे चित्रही गाडीत घालून शहरातल्या लिलावात नेता येते. फ्रेस्को भिंतीवरून उतरवण्याची युक्ती तज्ज्ञांना ठाऊक आहे. पण ते काम जोखमीचे आणि खर्चाचे. म्हणजे ज्याला चित्र पाहायचे, त्याने त्या डोंगरगावात जायचे. आणि खरोखरच दूरदूरचे लोक तेथे जाऊ लागले.

लाँगने पैशाची थैली दिली असती, तर ती छपराच्या दुरुस्तीत कधीच संपून गेली असती. त्याने दिलेली ठेव खर्चही करता येत नाही आणि दुसरीकडे वळवताही येत नाही. गरिबाला देणगी द्यावी तर अशी, जी त्याच्याकडून कुणी सहजी विकत घेऊन जाऊ शकणार नाही.