चकाकीची किंमत मायक्रॉनमध्ये

काळ्या गाडीच्या बॉनेटवर ऊन पडलं की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक गोल रेघांचं जाळं दिसतं. आपण सरकलो की जाळंही सरकतं. मुळात त्या रेघा गोल नसतातच. त्या वाटेल तशा गेलेल्या असतात. त्यांतल्या प्रकाशाला आडव्या येणाऱ्या तेवढ्याच चमकतात आणि गोलाचा भास होतो.

हे ओरखडे बहुतेक वेळा पुसण्याधुण्यातून पडतात. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि रंगावरच्या पारदर्शक थरापेक्षा, म्हणजे क्लिअर कोटपेक्षा, ते कितीतरी कठीण असतात. सोसायटीत रोज सकाळी कोरडं फडकं फिरतं तेव्हा हेच कण गाडीवर घासले जातात.

ओरखडा घालवायचा म्हणजे त्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर झिजवायचा. पॉलिशमधले अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे सूक्ष्म कण तेच करतात. पण क्लिअर कोट असतो साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, केसाहूनही पातळ. ऊन झेलणारी अतिनीलरोधक रसायनंही त्यातच असतात. तो फार झिजला की पुढे रंग विटतो, पापुद्रे सुटतात आणि पुन्हा रंगकाम करण्यावाचून इलाज उरत नाही.

म्हणूनच सरसकट रबिंग कंपाऊंड मारणं मला चुकीचं वाटतं. ते पॉलिश पेपरच्या खुणा आणि खोल ओरखड्यांसाठी आहे. सुरुवात नेहमी सौम्य फिनिशिंग पॉलिश आणि मऊ फोम पॅडने, तीही वीतभर जागेवर करावी. जाळं गेलं नाही तर आधी पॅड जरा कडक घ्यावं, मग पॉलिश. काही पॉलिशांतले कण घासताना फुटून बारीक होत जातात. तिथे घाईने हात थांबवला तर धूसरपणा राहतो. कडांवर आणि बॉडीच्या उंचवट्यांवर थर आधीच पातळ असतो, तिथे मशीन जपूनच फिरवावं.

झटपट चमक देणाऱ्या काही पॉलिशांत तेलं आणि भरणद्रव्यं असतात. ओरखडे तात्पुरते बुजतात आणि काही धुण्यांनंतर पुन्हा उघडे पडतात. हे ओळखायला पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो भाग पुसायचा आणि टॉर्च तिरका धरून बघायचं.

गॅरेजवाल्याला पैसे देण्याआधी ही तपासणी समोर करून मागा. आणि उद्यापासून भरपूर पाणी मारून धूळ वाहून गेल्याशिवाय गाडीला फडकं लावू देऊ नका.