वरोऱ्यातला ‘ऱ्या’ कुठे गेला?

चंद्रपूर जिल्ह्यातलं वरोरा हे केवढं सुटसुटीत नाव! वाचायला तीन अक्षरं. संगणकाच्या लेखी मात्र ती पाच चिन्हं: व, र, ओकार, र आणि काना. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणून डेटाबेसात वरोरा १५ बाइटांत मावतं. वेबपत्त्यात शिरलं, की टक्क्यांच्या चिन्हांसकट ते ४५ अक्षरी होतं. जेसन या डेटा लिहिण्याच्या पद्धतीत एस्केप झालं तर ३० अक्षरी, कारण तिथे प्रत्येक चिन्हासाठी बॅकस्लॅश, मग ‘यू’, मग चार जागांचा संकेतांक लिहितात.

आता कुणी साफसफाई म्हणून ते बॅकस्लॅश पुसले, तर पडद्यावर उमटतं: यू०९३५यू०९३०यू०९४बीयू०९३०यू०९३ई. घाबरू नका, हे वरोराच आहे! संकेतांक शाबूत असल्याने नाव परत मिळवता येतं. पण देवनागरी न पेलणाऱ्या जुन्या लॅटिन रकान्यात नाव भरलं आणि तिथे पाच प्रश्नचिन्हं उमटली, तर मूळ अक्षरं कायमची गेली.

खरी परीक्षा ‘वरोऱ्यात’ म्हणताना. हा ऱ्या तीन प्रकारे साठवता येतो: थेट ‘ऱ’ वापरून, र खाली नुक्ता देऊन, किंवा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. दिसायला तिन्ही सारखेच, पण पहिल्यात अख्ख्या शब्दाची ८ चिन्हं, उरलेल्या दोघांत ९. म्हणून एका पद्धतीने साठवलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडतच नाही. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने पहिले दोन एक होतात. तिसरा वेगळाच राहतो. आणि ‘न दिसणारी चिन्हं काढा’ असा नियम लावला, की त्या तिसऱ्याचं जोडचिन्ह उडून ‘वरोर्यात’ उरतं. मराठीच्या दृष्टीने ही सरळ मोडतोड आहे.

बॅकस्लॅशची पैदासही बघण्याजोगी. वसईतल्या डिसोझांच्या इंग्रजी आडनावात ‘डी’नंतर एकेरी अवतरण असतं. ते चिन्ह डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेत मजकूर संपल्याची खूण मानलं जातं, म्हणून त्याच्याआधी बॅकस्लॅश लावायची, म्हणजे ते एस्केप करायची, सवय पडली. एस्केप केलेलं नावच पुन्हा एस्केप केलं, की १ चे ३, ३ चे ७, ७ चे १५! पीएचपी भाषेत हे आपोआप करणारी ‘मॅजिक कोट्स’ नावाची सोय होती. ती २०१२ मध्ये ५.४ आवृत्तीतून काढून टाकली, हे उत्तमच झालं. एसक्यूएलच्या प्रमाण नियमात बॅकस्लॅश नाहीच, अवतरण दोनदा लिहायचं असतं. त्याहून चांगली रीत म्हणजे क्वेरी आणि मजकूर वेगवेगळे पाठवणे. मग मजकुरात काहीही असो, तो आज्ञा म्हणून वाचलाच जात नाही.

एक छोटी गोष्ट राहिली. एसक्यूएलच्या ‘लाइक’ने शोधताना टक्का म्हणजे ‘काहीही चालेल’. त्यामुळे ‘५०% अनुदान’ एस्केप न करता शोधलं, तर ‘५०० रुपये अनुदान’ही हाती येऊ शकतं.

मराठी नावनोंदणीची प्रणाली तुमच्या हाती आली, तर चाचणीत ‘वरोऱ्याचा’ हा शब्द, एक एकेरी अवतरण, एक बॅकस्लॅश आणि एक टक्का जरूर भरा. सेव्ह करा, उघडा, पुन्हा सेव्ह करा. तिसऱ्यांदा उघडल्यावरही अक्षर न् अक्षर तसंच दिसलं, तरच तिला पास करा.