घरची अमानत घरातच

निकाहाचे फोटो, अब्बांच्या हजचे व्हिडिओ, सातबारा, मुलांचे दाखले हे सारे आज मोबाइलमध्ये असते, आणि तिथून परक्या कंपनीच्या सर्व्हरवर जाते. गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण तर १ जून २०२१ पासून बंदच झाली. नेक्स्टक्लाउड किंवा सिंकथिंग ही मोफत सॉफ्टवेअर जुन्या संगणकावर बसवली, की फोटो घरच्याच डिस्कवर उतरतात.

मात्र हे बहुधा घरातला एकच मुलगा बसवतो. तो नोकरीसाठी दुबईला गेला आणि इकडे संगणक बिघडला, तर अम्मींनी काय करायचे? म्हणून सर्व पायऱ्या डोक्यात न ठेवता अ‍ॅन्सिबलच्या फाइलीत लिहाव्यात: कोणते सॉफ्टवेअर, कोणते फोल्डर, कोणाचे खाते. मग नव्या संगणकावर लिनक्स टाकून ती फाइल एखादा जाणकार चुलतभाऊही चालवू शकतो. पासवर्ड तेवढे उघडे लिहू नयेत; अ‍ॅन्सिबल व्हॉल्टमध्ये ते कुलूपबंद राहतात.

मांडणी अशी परत येते, फोटो येत नाहीत. शिवाय एका मोबाइलवर पुसलेला फोटो सिंकमुळे दुसरीकडूनही जाऊ शकतो. त्यासाठी रेस्टिकने वेगळ्या डिस्कवर बॅकअप घ्यावा आणि ती डिस्क खालांच्या घरी ठेवावी. त्या बॅकअपलाही पासवर्ड लागतोच. तो कागदावर लिहून अम्मींच्या कपाटात असू द्यावा.