हसवणाऱ्या बायका (भाग १४) : मॉडची अडचण

‘गोल्डन गर्ल्स’ या मालिकेतल्या स्वयंपाकघरात आज जायचं ठरलं होतं, पण ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. सांगलीच्या एका वाचक बाईंचं पत्र आलंय आणि ते बाजूला सारून मला पुढचं सुचेना. गेल्या भागात मी अमेरिकन अभिनेत्री बी आर्थरला ‘कार्यकर्ती’ म्हणून गेलो. त्यावर बाई विचारतात, दुसऱ्यानं लिहिलेली वाक्यं मानधन घेऊन म्हणायची, ही चळवळ कसली? आणि गर्भपातावर माणसानं हसायचं तरी कसं?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर मला पाठ आहे.

१४ आणि २१ नोव्हेंबर १९७२. ‘मॉड’ मालिकेचे गर्भपातावरचे ते दोन भाग अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर लागले. मॉड फिंडले ही ४७ वर्षांची, न्यूयॉर्कजवळच्या टकाहो गावची, चौथ्या नवऱ्याबरोबर नांदणारी बाई. घरात घटस्फोट घेतलेली मुलगी, लहानगा नातू. आणि या आजीबाईंना दिवस जातात! भागाचं नाव ‘मॉड्स डायलेमा’. मी त्याला ‘मॉडची अडचण’ म्हणतो. आपल्या घरांत ‘अडचण’ म्हणजे काय ते वाचकांना सांगायला नको. मॉडची अडचण हीच की अडचण आली नव्हती.

मुलगी कॅरल आईला समजावते : आता कायद्यानं परवानगी आहे, दाताच्या डॉक्टरकडे जाण्याइतकं सोपं आहे. त्यावर मॉड म्हणते की आता मात्र मला भीती वाटायला लागली. हशा होतो, पण तो गर्भपातावर नाही, दाताच्या डॉक्टरवर होतो. सगळी खुबी एवढीच. विषयाला हात न लावता त्याच्या शेजारच्या खुर्चीला टपली मारायची. तिकडे नवरा वॉल्टर नसबंदी करून घ्यायच्या गोष्टी करतो आणि वेळ आली की त्याचे हातपाय गार पडतात. तिथंही हशा होतो तो पुरुषाच्या घाबरण्यावर.

मॉडच्या भूमिकेत हे पेलायला बी आर्थरच हवी होती. उंची पावणेसहा फूट, आवाज खर्जातला. कार्यक्रम स्टुडिओत बसलेल्या प्रेक्षकांसमोर व्हायचा, म्हणजे हशा खरा. सामान्य नट हशा ओसरायची वाट बघतो. ही बाई हशा सुरू व्हायचीच वाट बघायची. समोरचा काहीतरी बावळटासारखं बोलला की चेहरा ढिम्म, मान आधी वळणार नाही, नुसते डोळे वळणार, मग सावकाश मान. तेवढ्यात प्रेक्षक फुटलेले असायचे. वाक्य अजून यायचंच असायचं. दुसऱ्या भागाच्या शेवटी मात्र नवराबायको रात्री अंथरुणात बोलत असतात, ती त्याला विचारते की आपण बरोबर करतोय ना, आणि स्टुडिओत चिडीचूप. तो क्षण मी किती वेळा लावून पाहिला, मोजदाद नाही.

न्यूयॉर्क राज्यात गर्भपाताला परवानगी देणारा कायदा १९७० साली झाला होता, म्हणून मॉडला हा मार्ग मोकळा होता. देशभर लागू होणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, ‘रो विरुद्ध वेड’, आला २२ जानेवारी १९७३ रोजी, म्हणजे या भागांनंतर दोन महिन्यांनी. इलिनॉयमधल्या दोन केंद्रांनी ते भाग दाखवायलाच नकार दिला. ऑगस्टमध्ये पुनःप्रक्षेपण झालं तेव्हा निषेधाच्या पत्रांचा ढीग पडला आणि जाहिरातदारांनी काढता पाय घेतला.

इथं जरा रेंगाळू द्या. १९७२च्या त्याच नोव्हेंबरात आपल्याकडे काय होतं? गर्भपाताचा कायदा ऑगस्ट १९७१ मध्ये संमत होऊन १ एप्रिल १९७२ पासून लागूही झाला होता. तो ज्या समितीच्या शिफारशींवर उभा राहिला तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह, आपल्या महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री. आणि मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला! म्हणजे त्या महिन्यात आपल्याकडे कायदा होता आणि पडदाही नुकता आला होता. पण त्या पडद्यावर ‘मला हे मूल नको’ म्हणणारी, वर हसवणारी आजी? विचार करून बघा.

आता पहिला प्रश्न. बाईंचा आक्षेप निम्मा खरा आहे. ते शब्द सुसान हॅरिसचे, धाडस निर्माता नॉर्मन लियरचं. खुद्द आर्थरला स्त्रीमुक्तीची झाशीची राणी करून टाकलं गेलं याचं ओझंच वाटायचं. सभासंमेलनांत रमणारी ती नव्हेच. स्वतःबद्दल इतकी मिटलेली, की दुसऱ्या महायुद्धात १९४३ ते ४५ आपण मरीन कोरच्या महिला दलात होतो, टंकलेखन केलं, ट्रक चालवले, हेसुद्धा मुलाखतीत साफ नाकारलं. मृत्यूनंतर सरकारी कागद बाहेर आले तेव्हा लोकांना कळलं. नाव त्यात अर्थात जन्माचं, बर्नीस फ्रँकल.

फरच्या कोटांविरुद्ध ती बोलायची, ते सोडून देऊ. तारकांना ते तेव्हा शोभूनही दिसायचं. मी तिला कार्यकर्ती म्हटलं ते वेगळ्या कारणानं. न्यूयॉर्कमध्ये अली फोर्नी सेंटर म्हणून संस्था आहे. समलिंगी, पारलिंगी म्हणून घरातून हाकललेल्या, रस्त्यावर आलेल्या मुलांना ती आसरा देते. अली फोर्नी हे अशाच एका मुलाचं नाव. १९९७ साली हार्लेममध्ये त्याचा खून झाला. २००५ मध्ये, वय ८३, आर्थर त्या संस्थेसाठी न्यूयॉर्कला येऊन आपला एकपात्री प्रयोग करून गेली आणि ४० हजार डॉलर उभे राहिले. हे वाक्य कुणी तिला लिहून दिलं नव्हतं.

एप्रिल २००९ मध्ये ती गेली. मृत्युपत्र उघडलं तर त्या संस्थेला ३ लाख डॉलर. मंदीत देणगीदार आटले होते, भाड्याची पंचाईत होती, त्या दिवसांत ही रक्कम. २०१७ साली संस्थेनं मॅनहॅटनमध्ये १८ जणांना राहता येईल असं घर उघडलं, त्याला नाव दिलं ‘बी आर्थर रेसिडेन्स’.

सांगलीच्या बाईंना हे पटलं की नाही, कळवतील. सुसान हॅरिस हे नाव मात्र लक्षात ठेवा, ‘गोल्डन गर्ल्स’ची जन्मदात्री तीच. पुढच्या रविवारी नक्की त्या स्वयंपाकघरात जाऊ. टेबलाभोवती बायका चार आणि खुर्च्या तीनच का, तिथून सुरुवात करीन.